रिपोर्ट नॉर्मल आलाय, पण गाठ हाताला लागतेय. पुढे काय?

टिपकागद · सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे शुद्धलेखनाच्या धाग्यांवर लोकांच्या वेलांट्या काढत असते, त्यामुळे काहींना माझं नाव ओळखीचं (आणि नकोसं) असेल. आज विषय वेगळा आहे.

वय ४४, काम मुद्रितशोधनाचं. अडीच महिन्यांपूर्वी अंघोळ करताना उजव्या स्तनात, वर, काखेच्या बाजूला काहीतरी कडक लागलं. पेन्सिलीच्या मागच्या खोडरबराएवढं. साबणाचा हात फिरला की जाणवतं, कोरड्या हाताला धड सापडत नाही. दुखत अजिबात नाही. पाळीच्या आधी-नंतर काही फरक पडतोय का म्हणून दोन पाळ्या बघितल्या. नाही पडत.

मग धीर करून मॅमोग्राफी करून घेतली. रिपोर्ट पाच ओळींचा. संशयास्पद काही नाही, बायरॅड्स २, पुढची तपासणी एका वर्षाने. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ह्यांनी तर रिपोर्ट फाइलला लावून कपाटात ठेवूनसुद्धा दिला.

गाठ काही कपाटात गेली नाही. आत्ता तासाभरापूर्वी पुन्हा बघितलं, आहे तिथेच आहे.

आमच्या कामात असं होतं, की चार वेळा डोळ्यांखालून गेलेल्या पानातही चूक राहते आणि पाचव्यांदा ओळीवर बोट ठेवून वाचलं की सापडते. पण इथे मी कोण? एवढ्या मोठ्या यंत्राला जे दिसलं नाही ते माझ्या बोटाला कळलं, असं म्हणायला मन धजत नाही.

वर्षभर थांबावं का? आई, मावश्या, आत्या, कुणालाच हा आजार नव्हता. सासूबाई म्हणतात रिपोर्ट चांगला आलाय, आता उगाच खाजवून खरूज काढू नकोस, गाठीला सुई लावली की ती पसरते. त्यांचा हेतू वाईट नाही. पण झोप उडाली आहे हे खरं.

---

भिंगरी · मंगळवार, सकाळी ७:१५

अगं टिपकागद, एवढी घाबरू नकोस! मला एकतिसाव्या वर्षी होती अशीच, फायब्रोअडेनोमा (कॅन्सर नसलेली साधी गाठ) निघाली. बोटाखाली गोटीसारखी इकडेतिकडे पळायची. अजूनही आहे, दर वर्षी मोजून घेते. बहुतेक गाठी साध्याच असतात. त्यातून तुझी दुखत नाही म्हणतेस. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे नॉर्मल. मन दुसरीकडे गुंतव.

---

क्षकिरणवाली · मंगळवार, रात्री ९:५०

भिंगरी, बहुतेक गाठी साध्या असतात हे अगदी खरं. पण तुझी साधी आहे हे तुला कळलं कसं? कुणीतरी हाताने तपासली, सोनोग्राफी केली, बहुधा सुईही घातली, आणि मग तिला नाव दिलं. टिपकागद यांच्या गाठीला अजून नाव मिळालेलंच नाही. आणि दुखत नाही ही दिलासा देण्याची गोष्ट नव्हे बरं का. कॅन्सरच्या गाठी सुरुवातीला बहुधा दुखत नाहीतच.

ताई, मी मॅमोग्राफी टेक्निशियन आहे, चौदा वर्षं झाली. आधी माझ्या दोन प्रश्नांची उत्तरं द्या, मग सविस्तर लिहिते.

तपासणीआधी तुमच्याकडून फॉर्म भरून घेतला असेल. त्यात 'तक्रार असल्यास' असा रकाना असतो. तिथे काय लिहिलंत?

आणि रिपोर्टमध्ये घनतेबद्दल एक ओळ असेल. ती शोधून इथे द्या.

---

टिपकागद · मंगळवार, रात्री १०:३५

फाइल कपाटातून काढली.

रकाना कोरा सोडला होता. तिथल्या मुलीने तोंडी विचारलंही, "काही त्रास?" मी म्हटलं, "नाही, रुटीन." मागे चार जणी बसल्या होत्या, त्यांच्यासमोर जीभ रेटली नाही. आणि खरं सांगायचं तर मनात एक लबाडीही होती. म्हटलं, आपण बोलायचं नाही, त्यांचं त्यांना सापडतंय का बघू. नाही सापडलं तर नाहीच म्हणायचं, सुटलो.

घनतेची ओळ आहे. "दोन्ही स्तनांत ग्रंथींचे प्रमाण असमान व दाट (प्रकार सी). त्यामुळे लहान गाठी झाकल्या जाण्याची शक्यता. लक्षणांशी पडताळून पाहावे." असा मजकूर.

ही ओळ मी वाचलेलीच नाही. दुसऱ्याच्या चारशे पानांतला निसटलेला अनुस्वार मला दिसतो, आणि स्वतःच्या पाच ओळींतली ही अख्खी ओळ सुटली.

---

क्षकिरणवाली · बुधवार, रात्री १२:२०

वाटलंच होतं. रागावत नाही हं, माझ्यासमोर रोज दोघी-तिघी असंच करतात. खोलीत शिरताना "काही नाही" म्हणतात आणि काम आटोपून निघताना दाराशी थांबून म्हणतात, "इथे जरा काहीतरी लागतं." मग मी त्यांना पुन्हा आत घेते.

मॅमोग्राफी दोन प्रकारे होते. एक चाळणी, म्हणजे काहीच तक्रार नसलेल्या बाईची. प्रत्येक बाजूचे दोन फोटो, एक वरून खाली आणि एक तिरका, काखेपर्यंत जाणारा. एकूण चार, संपलं. दुसरी तक्रारीची. तुम्ही "गाठ आहे" म्हणाला असतात तर मी तुमच्याच बोटाने जागा दाखवायला लावली असती आणि तिथे त्वचेवर चिकटपट्टीने धातूचा बारीक मणी लावला असता. फोटोत तो पांढराशुभ्र ठिपका दिसतो. म्हणजे रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांना कळतं, की बाई इथे बोट ठेवतेय, इथे नीट बघायचं आहे. लागेल तर त्याच जागेचा दाबून मोठा फोटो काढतात आणि त्याला जोडून त्या भागाची सोनोग्राफी होते. तुमच्या फोटोत मणी नाही. त्या डॉक्टरांना विचारलेला प्रश्नच वेगळा होता, आणि त्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी बरोबर दिलंय.

आता घनता. फोटोत चरबी काळपट दिसते, दूध तयार करणाऱ्या ग्रंथी पांढऱ्या दिसतात. गाठही पांढरीच. चरबी जास्त असेल तर गाठ अंधारात दिवा लावल्यासारखी उठून दिसते. ग्रंथी दाट असतील तर पांढऱ्यावर पांढरं. घनतेचे ए, बी, सी, डी असे चार प्रकार करतात, सी आणि डी म्हणजे दाट. त्यात रोग काही नाही, चाळिशीपुढच्या जवळपास निम्म्या बायकांचं असंच असतं. पण यंत्र तिथे कमी पडतं. सगळ्या मिळून धरल्या तरी चाळणी-मॅमोग्राफीतून आठातला साधारण एक कॅन्सर निसटतो, आणि दाट स्तनांत त्याहून जास्त.

बायरॅड्सचा आकडा म्हणजे रिपोर्टची पायरी. शून्य म्हणजे माहिती अपुरी, आणखी फोटो हवेत. १ आणि २ म्हणजे चिंता नाही. ३ म्हणजे बहुधा साधी, कॅन्सर असण्याची शक्यता २ टक्क्यांच्या आत, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. ४ आणि ५ म्हणजे तुकडा काढून तपासा. ६ म्हणजे निदान आधीच झालेलं. तुमचा २ हा आकडा त्या चार फोटोंचा आहे. गाठीचा नाही.

म्हणून वर्षभर थांबायचं नाही. या आठवड्यात सर्जनकडे जा, स्तनाचं काम नेहमी करणारा असेल तर उत्तम. जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका, फिल्म किंवा सीडीही न्या. आणि बसल्या बसल्या पहिलं वाक्य हे म्हणा: "मला गाठ लागतेय, अडीच महिने झाले, कमी होत नाही." रिपोर्ट त्यानंतर द्या. आधी दिलात तर सगळी बोलणी रिपोर्टवरच होतात. हाताला लागणाऱ्या गाठीचा निकाल तीन गोष्टींनी मिळून लागतो: डॉक्टरांचा हात, फोटो-सोनोग्राफी, आणि गरज पडली तर सुईने काढलेला तुकडा. तिन्हींचं एकमत व्हावं लागतं. दोन एक म्हणाले आणि तिसरा दुसरंच, तर शोध सुरू ठेवायचा.

घरात कुणाला नव्हता, हेही मनातून काढा. आईकडून किंवा वडिलांकडून आलेल्या जनुकातल्या दोषामुळे होणारे शंभरात पाच ते दहा. बीआरसीए १ आणि २ ही नावं ऐकली असतील, ते त्यातले. ज्यांना स्तनाचा कॅन्सर होतो त्यांतल्या बहुतेकींच्या घरात आधी कुणालाच नसतो.

(थोडं विषयांतर. यंत्र आणि बोट यांचं जुनं नातं आहे. १९१३ साली आल्बर्ट सालोमन नावाच्या जर्मन सर्जनने शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांचे एक्स-रे घेऊन पाहिले. चुन्याचे बारीक ठिपके त्याला तेव्हाच दिसले होते, पण त्यांचा अर्थ लागला नाही. आज त्याच ठिपक्यांवरून आम्ही हाताला न लागणारा कॅन्सर पकडतो. यंत्राला दिसतं आणि हाताला लागत नाही, हाताला लागतं आणि यंत्राला दिसत नाही, दोन्ही रोज घडतं.)

---

वळीव · बुधवार, दुपारी १:०५

टिपकागद, क्षकिरणवालींनी सांगितलंय ते आजच कर. मी न केल्याचं सांगते.

माझ्या बाबतीत गाठ नव्हतीच. डाव्या बाजूला एक जाडसरपणा होता, सतरंजीची घडी दुमडून राहावी तसा. आणि आरशासमोर दोन्ही हात वर केले की डावं स्तनाग्र किंचित बाहेरच्या अंगाला वळायचं. हात खाली घेतले की सरळ. मला ती गंमतच वाटायची. मॅमोग्राफी केली, स्वच्छ आली. मी नऊ महिने थांबले. कुणी थांबवलं नाही मला, पण कुणी "का वळतंय" असंही विचारलं नाही.

निघाला तो लोब्युलर प्रकारचा. सगळ्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये याचं प्रमाण १० ते १५ टक्के. याच्या पेशी गोळा होऊन गाठ करत नाहीत, एकामागे एक रांगेने पसरत जातात, म्हणून फोटोत फसवतात. एमआरआय केला तेव्हा ४.२ सेंमी भरला. काखेतल्या तीन गाठींत पोचला होता. आठ केमो, पूर्ण स्तन काढला, रेडिएशन. आज सहावं वर्ष आहे, ठणठणीत आहे, परवाच जिना दोनदा चढले कारण किल्ली खाली विसरले होते. पण ते नऊ महिने मला अजून पहाटे तीनला आठवतात.

सुईबद्दल. माझ्याही मोठ्या जाऊबाई हेच म्हणायच्या. गाठ वाढायची असेल तर ती सुई लावली नाही तरी वाढतच असते. मग कधीतरी नाइलाजाने सुई लावली जाते, त्यानंतर बाई खालावते, आणि नाव सुईचं होतं. तुकडा न काढता उपचारच ठरवता येत नाहीत, कारण गाठ हार्मोनवर वाढणारी आहे की नाही हे तुकड्यातूनच कळतं. सासूबाईंना दवाखान्यात बरोबर ने. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की पटतं, सुनेच्या तोंडून नाही पटत.

---

उलटतपासणी · बुधवार, संध्याकाळी ६:३०

घाबरवण्याच्या विरुद्ध बाजूने दोन शब्द. स्वतःच्या हाताने तपासणी करा म्हणून सगळीकडे सांगतात, त्याचा पुरावा फार लंगडा आहे. शांघायमध्ये कापड गिरण्यांतल्या २,६६,०६४ कामगार स्त्रियांवर मोठा प्रयोग झाला. निम्म्यांना हाताने तपासायचं नीट शिकवलं, पुन्हापुन्हा सराव करून घेतला. २००२ मध्ये निकाल आला, दोन्ही गटांत मृत्यू सारखेच. शिकवलेल्या गटात साध्या गाठींच्या बायोप्सी मात्र जास्त झाल्या. तेव्हा बाईंना उगाच सुयांच्या मागे लावताना हेही लक्षात असू द्यावं.

---

क्षकिरणवाली · बुधवार, रात्री ९:१५

प्रयोग खरा आहे आणि तुम्ही आकडेही बरोबर दिलेत. पण तो प्रश्न वेगळा. काहीच जाणवत नसलेल्या बाईने दर महिन्याला ठरवून शोध घ्यावा का, याचं ते उत्तर. म्हणून आता आम्हीही कुणाला महिन्याचा दिवस आणि बोटांची कवायत लावून देत नाही. आपलं शरीर एरवी कसं असतं ते माहीत असू द्या, आणि वेगळं काही दिसलं तर दाखवा, एवढंच सांगतो. टिपकागद यांना वेगळं काही लागलेलं आहे. त्या आता चाळणीत नाहीत, त्या रुग्ण आहेत. त्यांना शांघाय लागू नाही.

आणि हाताची किंमत अगदीच शून्य धरू नका. मुंबईत १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांवर अभ्यास झाला. तिथे शिकवून तयार केलेल्या आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासायच्या, मॅमोग्राफी नाही. वीस वर्षांनी, २०२१ मध्ये निकाल आला. तपासलेल्या गटात आजार आधीच्या पायरीवर सापडत होता, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी होते. पन्नाशीच्या आतल्यांत मात्र तसा फायदा दिसला नाही, हेही सांगते, नाहीतर तुम्ही सांगालच.

---

उलटतपासणी · बुधवार, रात्री ९:४०

सांगणारच होतो. तक्रार असलेली बाई आणि नसलेली बाई यातला फरक मान्य. वरचा माझा शेवटचा शेरा मागे घेतो.

---

आप्पा_निवृत्त · गुरुवार, सकाळी ६:२०

वय ६७, पुरुष. बायकांच्या धाग्यात शिरतोय, माफी असावी. मलाही हाच आजार झाला होता. स्तनाग्राखाली गाठ आणि एकदोनदा बनियनला रक्ताचा ठिपका. शंभरातला एखादा रुग्ण पुरुष असतो म्हणे. बनियनचा डाग मी महिनाभर पेनाच्या शाईचा समजत होतो. ताई, जाऊन या.

---

टिपकागद · दहा दिवसांनी, शनिवार, दुपारी ४:१०

सगळ्यांचे आभार, आप्पांचे विशेष.

सर्जनकडे गेले. बसल्या बसल्या ते वाक्य म्हटलं, रिपोर्ट पर्समध्येच ठेवला. बाईंनी आधी मला सरळ बसवून नुसतं बघितलं. हात कमरेवर दाबायला लावले, मग वर करायला लावले. हात दाबल्यावर म्हणाल्या, "इथे बघा." आरशात बघितलं तर गाठीच्या वरची त्वचा अगदी हलकी आत ओढली जात होती. कागदाला मागून बारीक टाचणी टोचून ओढावी तशी. अडीच महिने मी झोपून, बसून, साबण लावून चाचपत होते. आरशासमोर कमरेवर हात दाबून एकदाही उभी राहिले नव्हते.

सोनोग्राफी त्याच दिवशी. अंधारी खोली, थंडगार जेल. डॉक्टरांनी माझंच बोट धरून जागेवर ठेवायला लावलं आणि त्या बोटाशेजारी यंत्र टेकवलं. पडद्यावर करड्या रेघांच्या मध्ये एक काळा डाग, कडा दातेरी. दहा वाजता, असं त्या म्हणाल्या. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, तर तीन वाजले होते. स्तनावरची जागा घड्याळाच्या काट्याने सांगतात हे मला नव्याने कळलं. १३ मिमी. रुंदीपेक्षा उंची जास्त, आणि ते चांगलं लक्षण नाही म्हणे. बायरॅड्स ४सी, म्हणजे चौथ्या पायरीतली जास्त संशयाची. क्षकिरणवालींनी पायऱ्या आधीच सांगितल्या होत्या, त्यामुळे आकडा ऐकून विचारावं लागलं नाही. विचारावं लागलं नाही हे बरं की वाईट, कोण जाणे.

बुधवारी बायोप्सी झाली. भूल तेवढ्याच जागेला. सुई टोचली ते जाणवलं, मग काही नाही. फक्त प्रत्येक वेळी खटका उडतो तो मोठ्याने, जाड कागदाला स्टेपलर मारल्यासारखा. डॉक्टर आधी सांगायच्या, "आता आवाज होईल." पाच वेळा. बाटलीत पाच पांढुरके दोरे. ते बुडतात का हे त्या बघत होत्या. बुडला तर गाठीचा, तरंगला तर बहुधा चरबीचा. चार बुडले, एक तरंगला.

सासूबाई बाहेर बसल्या होत्या. बाहेर आल्यावर विचारलं, "सुई केवढी होती?" मी हाताने दाखवली. काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर माझ्या आधी स्वयंपाकघरात गेल्या आणि म्हणाल्या, आज उजवा हात वापरायचा नाही.

---

भिंगरी · शनिवार, संध्याकाळी ५:००

टिपकागद, माझी सुरुवातीची पोस्ट वाचून मलाच कसंतरी होतंय. सॉरी गं.

---

टिपकागद · पुढचा शुक्रवार, रात्री ८:४५

भिंगरी, सॉरी काय. तू म्हणालीस तेच मला ऐकायचं होतं, म्हणून तर विचारलं होतं.

रिपोर्ट आला. कॅन्सर आहे. डक्टल म्हणजे दुधाच्या नळ्यांतून सुरू होणाऱ्या प्रकारचा, ग्रेड २, म्हणजे मधला. ईआर, पीआर पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणारा; हर-२ नावाचं प्रथिन निगेटिव्ह. सोनोग्राफीत काख स्वच्छ दिसतेय. रिपोर्ट तीनदा वाचला, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून.

सर्जन म्हणतात, स्तन पूर्ण काढायची गरज नाही. गाठ आणि भोवतीचा थोडा भाग, काखेतल्या पहिल्या एक-दोन लसिका ग्रंथी (आजार पसरला तर आधी तिथे पोचतो) निळा रंग सोडून शोधून काढायच्या, त्यांत काही नसेल तर बाकीच्यांना हात लावायचा नाही. मग रेडिएशन, आणि हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या बरीच वर्षं. घरात मात्र सगळ्यांचं एकच, की एकदाचं काढूनच टाक, कटकट नको. मलाही मधूनमधून तसंच वाटतं. तुम्हाला काय वाटतं असं विचारत नाही, पण कुणाला पक्कं काही माहीत असेल तर सांगा.

---

उलटतपासणी · शुक्रवार, रात्री १०:३०

पक्कं माहीत आहे ते सांगतो. याच प्रश्नावर दोन मोठे प्रयोग झालेत. एक अमेरिकेत बर्नार्ड फिशरचा, १,८५१ स्त्रिया. दुसरा इटलीत मिलानला उंबेर्तो व्हेरोनेसीचा, २ सेंमीपर्यंतची गाठ असलेल्या ७०१ स्त्रिया. दोघांनीही वीस वर्षं पाठपुरावा केला आणि दोघांचेही निकाल २००२ मध्येच आले. पूर्ण स्तन काढलेल्या आणि फक्त गाठीचा भाग काढून रेडिएशन घेतलेल्या स्त्रिया सारख्याच जगल्या. स्तन ठेवलेल्यांत त्याच बाजूला पुन्हा आजार निघण्याचं प्रमाण काहीसं जास्त होतं, म्हणून रेडिएशन टाळायचं नाही आणि दर वर्षीचे फोटो चुकवायचे नाहीत. निर्णय तुमचा. पण "काढून टाकला म्हणजे जास्त जगू" एवढ्या कारणासाठी काढू नका, ते कारण टिकत नाही.

---

वळीव · शुक्रवार, रात्री ११:१०

१३ मिमी. काख स्वच्छ. टिपकागद, मला तुझा हेवा वाटतोय असं लिहिलं तर लोक काय म्हणतील, पण वाटतोय. आज रड हवं तेवढं. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून, डॉक्टर हो म्हणाले की, भिंतीवर बोटांनी चढायचा व्यायाम कर, नाहीतर खांदा आखडतो. त्याबद्दल हवं ते विचार, रात्री तीनलाही जागीच असते.

---

टिपकागद · दोन महिन्यांनी, रविवार, सकाळी ११:२०

धागा वर आणतेय, कारण काही जणींनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं.

शस्त्रक्रिया झाली, स्तन ठेवला. काढलेली गाठ १४ मिमी भरली, कडा स्वच्छ. लसिका ग्रंथी दोन काढल्या, दोन्ही कोऱ्या. केमोची गरज नाही असं ठरलं. रेडिएशनचे पंधरा दिवस झाले, त्वचा उन्हाने करपल्यासारखी झाली आहे, बाकी ठीक. वळीव, भिंतीवर बोटं आता चौकटीच्या वर पोचतात. कामही सुरू केलं. लाल पेन अजून डाव्या हातात जास्त असतो, त्यामुळे लेखकांना माझ्या खुणा वाचता येत नाहीत, आणि ते काही नवीन नाही.

मुख्य सांगायचं ते धाकट्या बहिणीचं. ती ४१ वर्षांची. सख्ख्या बहिणीला झाला म्हणून तिलाही आता दर वर्षी फोटो काढायला सांगितलंय. काल तिला घेऊन गेले. मागच्या खेपेचंच केंद्र, तीच मुलगी, तोच फॉर्म. बहीण भराभर लिहीत होती. मी शेजारून तिच्या ओळी वाचत होते, सवय. 'तक्रार असल्यास' या रकान्यात तिने "काही नाही" लिहिलं.

मी हळूच विचारलं, "खरंच काही नाही ना?"

"खरंच नाही गं."

"आरशासमोर हात कमरेवर दाबून बघितलंस?"

तिने माझ्याकडे बघितलं, पेन खाली ठेवलं आणि बाथरूममध्ये गेली. चार मिनिटांनी आली. "काही नाही," म्हणाली, आणि फॉर्म त्या मुलीकडे दिला.